फुलं पाहायची तर मान वर करा : वसंतातली संथ रानफेरी

फाल्गुन लागला की राळेगाव, कळंब, पांढरकवडा भागातल्या वाचकांकडून एकच प्रश्न दरवर्षी येतो. ‘वसंतात रानफुलं बघायला डोंगरात जायचंय. सोबत आईबाबा आहेत, लेकरं आहेत, जास्त चालवत नाही. कासला जावं का हिमालयात?’ काही जण तर एप्रिलमधली तिकिटं काढून झाल्यावर विचारतात. तोवर सल्ल्याचा उपयोग संपलेला असतो.

म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवतो. आपल्याकडे गवतातली, पायाशी उमलणारी फुलं पावसाळ्याची. वसंतातली फुलं झाडांवर असतात, त्यातही बरीचशी पानं झडलेल्या झाडांवर. त्यांच्यासाठी लांब जावं लागत नाही आणि फार चालावंही लागत नाही. लवकर उठावं लागतं, हळू चालावं लागतं आणि मान वर करावी लागते. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच म्हणतात. फुलांच्या दिवसांत तर तीही नसतात, नुसती फुलं असतात.

आधी महिना ठरवा, मग जागा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. छायाचित्र एका ऋतूचं असतं आणि आपण निघतो दुसऱ्याच ऋतूत.

- कास पठार (सातारा) : फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. मार्चमध्ये तिथं वाळलेलं गवत आणि कातळ.
- व्हॅली ऑफ फ्लॉवर्स (उत्तराखंड) : १ जूनला उघडते, फुलांचा भर जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये वाट बर्फाखाली असते.
- हिमालयातला बुरांश : हे मात्र खरंच वसंतातलं फूल. उत्तराखंडात उंचीनुसार फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत लाल फुलांनी भरलेली झाडं दिसतात. वेळ, पैसा आणि थंडी सोसायची तयारी असेल तर जरूर जा.
- आपलं विदर्भातलं रान : फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

या दोन महिन्यांतही सगळं एकदम फुलत नाही. काटेसावर, पांगारा, सोनसावर आणि पळस आधी. पळसाचा भर साधारण होळीच्या आगेमागे. धायटीची झुडपं या सगळ्या काळात लाल असतात. मार्चच्या मध्यापासून मोह, त्याच सुमारास कुंभा. पाडव्याला कडुनिंबाचा मोहर. बहावा बघायचा असेल तर एप्रिलअखेर किंवा मे; पण तेव्हा पायी फिरू नका, बहावा गाडीतून किंवा गावातल्या रस्त्यावरही दिसतो.

एकच दिवस निवडायचा असेल तर मार्चचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा. पळस संपलेला नसतो, मोह सुरू व्हायच्या बेतात असतो आणि ऊन अजून माणसात असतं. मार्च सरता सरता आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

कुठं जाल : तीन पर्याय

१. राळेगावच्या शिवारातली फेरी. दोन-तीन किलोमीटर, सकाळचे तीन तास, खर्च जवळपास नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की शेतं उघडी पडतात आणि बांधावरचे, नाल्याकाठचे पळस लांबूनच ओळखू येतात. वयस्कर मंडळी आणि लहान मुलं सोबत असतील, तर पहिली फेरी हीच करा. शेत कुणाचं आहे ते विचारून, परवानगी घेऊन बांधावरून चला. शिवार संपून जंगल सुरू होतं तिथं थांबा. त्याचं कारण पुढं येईलच.

२. टिपेश्वर अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेलं, १४८ चौरस किलोमीटरचं हे सागाचं रान पांढरकवड्याच्या बाजूला आहे. इथं वाघ आहेत, त्यामुळं पर्यटकांना पायी फिरता येत नाही. गाडी आणि सोबत गाइड, असाच प्रवेश. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांना हा पर्याय सोयीचा आहे. निघण्याआधी चालकाला आणि गाइडला एवढंच सांगा : ‘आम्हाला वाघ दिसला नाही तरी चालेल, फुललेल्या झाडापाशी गाडी थांबवा.’ हे आधी सांगितलं नाही, तर सगळी फेरी वाघाच्या मागे पळण्यात जाते.

३. चिखलदरा. खऱ्या अर्थानं ‘डोंगर’ हवा असेल तर विदर्भात तो सुमारे ११०० मीटर उंचीवर, अमरावती जिल्ह्यात आहे. यवतमाळ, अमरावती, परतवाडा असा रस्ता. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नका, आदल्या रात्री वर मुक्काम करा. परतवाड्याहून चढणाऱ्या घाटात पळस आणि सावर दिसतात. वर सकाळ गार असते, म्हणून चालायला एक-दीड तास जास्त मिळतो. गाविलगडाची वाट संथ फेरीला चांगली. पण हा सगळा मेळघाटचा परिसर आहे, तेव्हा आत जाण्याआधी नाक्यावर नोंद, तिकीट आणि परतीची वेळ विचारून घ्या.

परवानगी : ‘आमच्या गावचंच तर जंगल’ हे उत्तर चालत नाही

राखीव वनात विनापरवाना शिरणं, आग लावणं, झाड तोडणं हे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हे आहेत. अभयारण्यात प्रवेशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार परवाना लागतो आणि तिथून साधं फूल किंवा शेंग उचलून आणायलाही मनाई आहे.

नियम बाजूला ठेवले तरी राळेगावकरांना जंगलात मोकाट का फिरू नये, हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. याच तालुक्यात बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, माणसं मारल्याचा ठपका असलेली अवनी वाघीण मारली गेली. त्याआधीची दोन वर्षं राळेगाव आणि पांढरकवडा पट्ट्यातल्या गावांनी कशी काढली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना पक्कं ठाऊक आहे. वाघ आजही या भागात फिरतात.

म्हणून असं करा :

- तुम्ही निवडलेली वाट कुठल्या वनपरिक्षेत्रात येते ते पाहा आणि तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या.
- अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, वाट आणि एक फोन नंबर लिहा. अर्जाची पोच घ्या.
- आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करून ‘उद्याला त्या बाजूला काही हालचाल आहे का?’ असं विचारा. ‘आहे’ म्हणाले तर फेरी पुढं ढकला. त्यावर घासाघीस करू नका.
- परवानगी नाही मिळाली तर शिवाराची फेरी आहेच. पळस दोन्हीकडे सारखाच लाल असतो.

वाटाड्या निवडताना

संथ फेरीचा जीव वाटाड्यात असतो. दोन प्रकारची माणसं भेटतील. एक, सहली नेणारे आयोजक; दुसरे, त्याच गावातले कोलाम, गोंड किंवा इतर शेतकरी-मजूर, ज्यांचा निम्मा उन्हाळा रानात जातो. आयोजक झाडाचं शास्त्रीय नाव सांगेल. गावातला माणूस त्या झाडाचा डिंक कधी निघतो, त्याच्या सालीचा दोर होतो का, यंदा ते उशिरा का फुललं, हे सांगेल. दोघंही मिळाले तर उत्तम. एकच परवडत असेल तर गावातला घ्या.

ठरवण्याआधी हे प्रश्न विचारा :

- किती अंतर आणि किती वेळ? ‘चार तासांत दहा किलोमीटर’ असं उत्तर आलं, तर ती संथ फेरी नव्हे.
- एका वाटाड्यामागं किती माणसं? आठ-दहांच्या वर नको. मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही.
- मधूनच परत फिरायचं झालं तर? जवळचा रस्ता कुठं निघतो, आणि त्याला सोबत कोण?
- प्रथमोपचाराची पेटी आहे का? फोनला रेंज कुठंपर्यंत?
- पैशात काय काय आलं : गाडी, नाश्ता, प्रवेशशुल्क, गाइडचं मानधन?

पैसे दिले की पावती घ्या, निदान फोनवर लेखी मजकूर तरी. गावातल्या वाटाड्याची मजुरी आधी ठरवा आणि फेरी अर्ध्यात संपली तरी पूर्ण द्या. त्याचा दिवस गेलेला असतोच.

संथ म्हणजे किती संथ?

तीन किलोमीटरला साडेतीन तास. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब करून पाहा. पंधरा मिनिटं चालायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. मार्चमधली एक सकाळ साधारण अशी जावी :

- ५.३० घरून निघणं. चहा आणि दोन घास खाऊनच.
- ६.३० पुरतं उजाडल्यावर चालायला सुरुवात. अंधारात रानात पाऊल टाकू नका.
- ७ ते ८.३० हाच खरा वेळ. एखादा भरात असलेला पळस निवडा आणि त्याच्याखाली नुसते बसून राहा.
- ८.३० सावलीत नाश्ता.
- १० गाडीपाशी परत. ‘अजून थोडं पुढं जाऊन येऊ’ असं कुणी म्हणालं तर त्याला उद्याचं निमंत्रण द्या.

पळसाखाली बसून काय करायचं? खाली पडलेलं एक फूल उचला. देठाकडची वाटी काळपट तपकिरी, हाताला मखमलीसारखी. तिच्यातून निघालेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ फूल हातात धरल्यावर हे नाव शिकवावं लागत नाही. मग वर बघा. शिंजीर, साळुंक्या, बुलबुल मधासाठी येतात. नशीब असेल तर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा उतरतो. मराठीत त्यांना पळसमैना असंही म्हणतात. थांबलेल्या माणसाला हे सगळं दिसतं. चालणाऱ्याला लाल रंगाचं एक झाड दिसतं, आणि तेही मागं पडतं.

ओळखायला सोपी सहा झाडं

यादी मोठी करू नका. एका फेरीत सहा झाडं ओळखता आली तरी पुष्कळ झाली.

- पळस : निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलांचे घोस. याच फुलांच्या पाण्यानं आपल्याकडे होळीचा रंग होतो.
- काटेसावर : सरळसोट खोड, कोवळ्या झाडाच्या खोडावर शंकूसारखे काटे. पाच जाड, मांसल लाल पाकळ्या. फूल पडताना ‘थप्प’ असा आवाज येतो. पडलेली फुलं हरणं खातात, त्यामुळं झाडाखालचे खूर पाहायला विसरू नका.
- सोनसावर (गणेर) : खडकाळ उतारावर, वेड्यावाकड्या उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी झळझळीत पिवळी फुलं.
- धायटी : कमरेएवढं झुडूप, फांदीभर लहान लाल नळ्या. मुलांच्या उंचीचं हे एकच फूल, म्हणून त्यांना आधी हेच दाखवा.
- मोह : फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. खाली फिकट पिवळे, रसाळ मणी पसरलेले दिसतात आणि वासानंच झाड सापडतं.
- कुसुम : ही गंमत आहे. दुरून झाड लाल फुलांनी भरलेलं वाटतं, जवळ गेलं की ती कोवळी पानं निघतात. ‘हे कोणतं फूल?’ असं सगळ्यात जास्त वेळा याच झाडाबद्दल विचारलं जातं.

फुलं नसतानाही एका झाडापाशी थांबा. कहांडळाचं खोड पांढरंफटक असतं, चांदण्यात ते उभ्या माणसासारखं दिसतं, म्हणून लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. मुलांना फुलांपेक्षा हेच लक्षात राहतं.

सोबत काय घ्याल

- माणशी किमान दोन लिटर पाणी. एकाच मोठ्या कॅनवर विसंबू नका.
- ओआरएसची पाकिटं. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा धरा.
- डोक्याला दुपट्टा किंवा रुंद काठाची टोपी. पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे सुती कपडे.
- पायात बंद बूट. सागाच्या वाळलेल्या पानांवर चप्पल घसरते आणि खाली काय आहे ते दिसत नाही.
- गूळ, शेंगदाणे, फुटाणे, भाकर. कचरा परत आणायला एक पिशवी.
- रोजची औषधं. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.
- दुर्बीण असेल तर घ्या. झाडावरच्या फुलांसाठी ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची.

कुठं चुकतं

मोहाखालचं अस्वल. मोहफुलं माणसाला आवडतात तशी अस्वलालाही. पहाटेच्या झुंजुमुंजुला दोघं एकाच झाडाखाली येतात आणि गाठ पडते. पुरतं उजाडेपर्यंत मोहाच्या झाडांकडे जाऊ नका. गेल्यावर बोलत, आवाज करत जा.

आग्या मोहळ. फुलांच्या दिवसांत उंच झाडांवर आणि कड्यांवर पोळी असतात. खाली धूर नको, उग्र अत्तर नको, दगड तर नकोच. माश्या उठल्या तर चेहरा झाकून त्या जागेपासून लांब पळा, हातवारे करत उभे राहू नका.

खाजकुहिली. वेलीवर लोंबणाऱ्या तपकिरी मखमली शेंगा मुलांना खुणावतात. लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. चोळू नका; चिकटपट्टी लावून लव ओढून काढा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

वणवा. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात, म्हणजे तुमची फेरी नेमकी त्यातच. विडी, सिगारेट, चहासाठी तीन दगडांची चूल, काहीही नको. धूर दिसला तर आपण विझवायला धावू नका. वाऱ्याच्या उलट दिशेनं बाहेर पडा आणि वनविभागाला १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

ऊन. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना. सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या आणि तिथूनच परत फिरा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही घालू नका. अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पिवळा पळस. कधीतरी पिवळ्या फुलांचा पळस दिसतो. तो दुर्मीळ आहे आणि त्याच्याभोवती गुप्तधनापासून औषधापर्यंत नाना गोष्टी जोडलेल्या आहेत. जागेसकट फोटो गटावर गेला की आठवड्यात झाड ओरबाडलं जातं. फोटो काढा, पण जागा सांगू नका.

हक्क : तुमचे आणि त्यांचे

तुमचे. पैसे घेऊन सहल नेणारा आयोजक ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येतो. जाहिरातीत ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ लिहून प्रत्यक्षात फक्त गाडीचालक पाठवला, ठरलेली जागा न दाखवता दुसरीकडे फिरवलं, सहल रद्द करून पैसे अडकवले, तर :

1. आधी आयोजकाला लेखी कळवा आणि उत्तराला मुदत द्या.
2. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
3. तरीही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. आयोजक पुण्याचा असला तरी यवतमाळला तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मात्र वनविभागानं सुरक्षेसाठी वाट बंद केली, किंवा वाघ दिसला नाही, फूल उशिरा आलं, ही सेवेतली त्रुटी नव्हे. पैसे भरण्याआधी ‘वाट बंद झाली तर किती परत मिळतील?’ हे लिहून घ्या.

त्यांचे. मोहफुलं, चारोळी, तेंदूपानं, डिंक या गौण वनोपजावर वनहक्क कायदा २००६ नं वनवासी कुटुंबांना आणि त्यांच्या ग्रामसभांना हक्क दिला आहे. पहाटे तीन वाजता उठून टोपली घेऊन आलेल्या मावशीच्या मोहाखालून ‘जरा चवीला’ म्हणून मूठभर फुलं उचलणं, म्हणजे कुणाच्या तरी खळ्यातून मूठभर धान्य उचलण्यासारखं आहे. विचारा, त्या बहुधा स्वतःच देतील. फोटोही विचारूनच काढा. मोहफुलं घ्यायचीच असतील तर विकत घ्या, आणि तीही त्यांच्याकडूनच.

निघण्याआधी एकदा

तारीख, वाट, परवानगी, वाटाड्या, पाणी, परतीची वेळ, या सहा गोष्टी एका कागदावर लिहा आणि घरी राहणाऱ्या माणसाच्या हाती तो कागद द्या. अडचणीत ११२ हा क्रमांक आहेच.

यंदा जमलं नाही तरी हळहळू नका. उद्या सकाळी एसटीनं यवतमाळला जाताना खिडकीची जागा धरा आणि रस्त्याकडेचे फुललेले पळस मोजत चला. ज्या ठिकाणी मोजदाद चुकेल, ते ठिकाण लक्षात ठेवा. पुढच्या फाल्गुनात फेरी तिथून सुरू करायची.